सगळ्यांचा सर्व्हर, एकट्याची प्रोसेस: सीपीयूची वाटणी आपोआप कशी लावायची

शनिवारी सकाळची प्रॅक्टिकल. एस.वाय.ची तीस मुलं एकाच लिनक्स सर्व्हरवर लॉगिन करून बसलेली, आणि एरवी दोन सेकंदांत कंपाइल होणारा प्रोग्राम पंधरा-वीस सेकंद घेतोय. मी चालू प्रोसेसची यादी दाखवणारं 'टॉप' उघडलं तर लोड, म्हणजे चालणाऱ्या आणि पाळीची वाट बघणाऱ्या कामांची सरासरी संख्या, २०० च्या आसपास. मशीन ३२ कोअरचं. यादीत वरपासून एकच नाव, एम.एस्सी.च्या एका मुलाचं, आणि त्याच्या नावावर पायथनच्या सहा प्रती. तो वर्गात नव्हताच. कोथरूडला आपल्या रूमवर झोपला होता.

त्याला कुणाला त्रास द्यायचा नव्हता. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतले मॅट्रिक्सचे गुणाकार सहा वेगळ्या आकड्यांसाठी एकदम लावून तो रात्री घरी गेला होता. नमपायच्या पोटातली ओपनब्लास लायब्ररी मशीनवर जितके कोअर दिसतील तितके थ्रेड, म्हणजे एकाच प्रोसेसमधली समांतर कामं, काढते. सहा गुणिले ३२, म्हणजे १९२. माझ्या पाहण्यातले बहुतेक खादाड प्रोग्राम असेच, मालकाच्या नकळत खादाड झालेले.

कर्वे रस्त्याजवळच्या एका कॉलेजात मी अकरा वर्षं हा सर्व्हर सांभाळते आहे. चाळीसेक विद्यार्थी, पाच-सहा संशोधक, १२८ जीबी मेमरी, आणि रात्री जागायला कुणी नाही. त्यातून जी व्यवस्था बसली ती इथे क्रमाने लिहिते. कमांड आणि फायलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग आणि आकडे टाइप करायचे.

आधी बघा, दोष सीपीयूचाच आहे का

लोड अ‍ॅव्हरेजवर एकदम विश्वास ठेवू नका. लिनक्समध्ये डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही त्या आकड्यात धरल्या जातात. नेटवर्कवरून फायली पुरवणारा एनएफएस सर्व्हर बंद पडला की लोड ६० दाखवतो आणि सीपीयू निवांत बसलेला असतो. अशा वेळी कुणाची प्रोसेस मारून उपयोग नाही.

दुसरा फसवा आकडा 'पीएस' या प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडमधला सीपीयूचा टक्का. प्रोसेसने आजवर वापरलेला सीपीयू वेळ भागिले ती सुरू झाल्यापासूनचा एकूण वेळ, असा तो निघतो. म्हणजे दोन दिवस गप्प बसलेली आणि पाच मिनिटांपूर्वी उधळलेली प्रोसेस तिथे अगदी गरीब दिसते. 'टॉप' मात्र मागच्या काही सेकंदांचा हिशेब देतं. 'पीएस'चा टक्का वाचून निर्णय घेणारी स्क्रिप्ट कुणी दिली तर वापरू नका.

खरी गोष्ट कळते ती 'प्रॉक'खालच्या 'प्रेशर' फोल्डरमधल्या 'सीपीयू' फाइलमधून. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.२० पासून ही सोय आहे; काही वितरणांत ती चालू होण्यासाठी बूटच्या ओळीत 'पीएसआय=१' द्यावं लागतं. 'सम' या ओळीतला 'एव्हीजी६०' हा आकडा सांगतो की गेल्या मिनिटातला किती टक्के वेळ कुणी ना कुणी सीपीयूसाठी ताटकळत होतं. मशीन शंभर टक्के वापरात आहे ही तक्रार नव्हे, त्यासाठीच ते घेतलंय. कुणी ताटकळतंय का, हे बघायचं.

नाइस: चांगलं, पण अपुरं

नाइस म्हणजे प्रोसेसच्या प्राधान्याचा आकडा, उणे २० ते १९. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस नमती घेते. सीपीयूची पाळी ठरवणारा कर्नलचा भाग, म्हणजे शेड्युलर, त्यावरून वजन ठरवतो: नाइस शून्यचं वजन १०२४, नाइस १० चं ११०, नाइस १९ चं १५. एकाच कोअरवर शून्यवाली आणि १९ वाली प्रोसेस भांडल्या तर दुसरीच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का येतो. आकडा वाढवणं कुणालाही जमतं. कमी करायला सहसा रूट, म्हणजे प्रशासकाचा अधिकार लागतो.

हे आपोआप करणारी जुनी हत्यारं आहेत. 'अँड' नावाचा ऑटो नाइस डीमन (पाठीमागे सतत चालणारा प्रोग्राम) त्यातला प्रसिद्ध. यूजर, ग्रुप, प्रोग्रामचं नाव आणि वापरलेला सीपीयू वेळ बघून तो प्रोसेसचा नाइस वाढवत नेतो. त्या काळी कल्पना उत्तम होती. पण २०११ मध्ये कर्नल २.६.३८ बरोबर 'ऑटोग्रुप' आलं आणि त्यात एक मेख बसली. ऑटोग्रुप चालू असेल तर प्रत्येक लॉगिन सेशनचा वेगळा गट होतो आणि नाइसचा आकडा त्या गटापुरताच चालतो. तुम्ही एखाद्याच्या टर्मिनलमधली एकुलती एक प्रोसेस १९ वर नेलीत तरी शेजारच्या सेशनला काहीच फरक जाणवत नाही. मी एक अख्खी दुपार 'रीनाइस' करत बसले होते आणि मशीन ढिम्म हलत नव्हतं, ते याचमुळे.

वाटणी माणशी, प्रोसेसमागे नाही

शेड्युलर आपल्या परीने न्यायीच असतो. २००७ मध्ये इंगो मोल्नारने आणलेला सीएफएस घ्या किंवा कर्नल ६.६ पासून त्याच्या जागी आलेला ईईव्हीडीएफ. ऑटोग्रुप किंवा दुसरं काही लावलेलं नसेल तर न्याय थ्रेडमागे मोजला जातो. १९२ थ्रेड सोडणाऱ्याला १९२ वाटे, एक जीसीसी कंपायलर चालवणाऱ्याला एक. वाड्यातल्या सामायिक नळावर पाणी बिऱ्हाडामागे मिळायचं. तिथे बादलीमागे पाळी ठेवली असती तर वीस बादल्यांवाल्यानेच नळ अडवला असता.

बिऱ्हाडामागे मोजायची सोय म्हणजे सीग्रुप, प्रोसेसचे गट करून गटामागे वाटा ठरवणारी. गूगलमधल्या पॉल मेनाज आणि रोहित सेठ यांनी २००६ मध्ये हे काम सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये, २.६.२४ बरोबर ते कर्नलमध्ये आलं. आज वापरायची ती दुसरी आवृत्ती, सीग्रुप व्ही-टू. 'सिस'खालच्या 'एफएस' फोल्डरातल्या 'सीग्रुप'ची फाइलसिस्टिम 'स्टॅट'ने तपासा. 'सीग्रुप२एफएस' असं उत्तर आलं की पुढे जायला हरकत नाही. डेबियन ११ आणि उबुंटू २२.०४ पासून पुढे ते तसंच येतं.

मशीनवरच्या सर्व्हिस सुरू करणारा आणि सांभाळणारा सिस्टिमडी प्रत्येक यूजरसाठी एक स्लाइस, म्हणजे सीग्रुपचा एक गट, आधीच तयार करतो: 'यूजर-१००१.स्लाइस' वगैरे. तो माणूस तीन ठिकाणांहून लॉगिन करो की टीमक्सचं चालू टर्मिनल मागे सोडून घरी जावो, त्याचं सगळं त्याच स्लाइसमध्ये राहतं. पण नुसती स्लाइस असून भागत नाही. सीपीयूची वाटणी करणारा सीग्रुपचा कंट्रोलर त्या पातळीवर चालू असावा लागतो, आणि कुणीतरी सीपीयूबद्दल काही मागितल्याशिवाय सिस्टिमडी तो चालू करत नाही.

म्हणून 'ईटीसी'तल्या 'सिस्टिमडी'खालच्या 'सिस्टिम' फोल्डरात 'यूजर-.स्लाइस.डी' नावाचं फोल्डर करा. हायफनपुढे लगेच टिंब आहे, ते चुकून पडलेलं नाही. त्याचा अर्थ 'सगळे यूजर'. सिस्टिमडीच्या २३९ व्या आवृत्तीपासून हे चालतं. आत '५०-वाटणी.कॉन्फ' अशी फाइल:

[स्लाइस]
सीपीयूवेट=१००
टास्क्समॅक्स=५००
मेमरीहाय=१२जी
मेमरीमॅक्स=१६जी

सीपीयूवेट मुळातच १०० असतं, मग लिहायचं कशाला? लिहिल्यामुळे कंट्रोलर चालू होतो, एवढ्यासाठीच. 'सिस्टिमसीटीएल'ला 'डीमन-रीलोड' सांगा, नव्याने लॉगिन करा आणि आपल्या स्लाइसच्या फोल्डरात 'सीपीयू.वेट' ही फाइल दिसते का बघा. नसेल तर वाटणी लागलेली नाही. ही खात्री केल्याशिवाय पुढची पायरी करू नका. या गटांत गेलं की ऑटोग्रुपची मेखही आपोआप निघते.

टास्क्समॅक्समध्ये थ्रेडही मोजले जातात, त्यामुळे तो आकडा फार आवळू नका. मेमरीच्या दोन ओळी इथेच उरकून घ्या, कारण 'सीपीयू खातोय' अशा तक्रारीखाली कितीदा तरी स्वॅपिंग, म्हणजे मेमरी पुरत नाही म्हणून डिस्क वापरणं, निघतं.

आणखी एक: 'यूजर-०.स्लाइस', म्हणजे रूटच्या स्लाइसला वेगळ्या फाइलने वजन १००० द्या. स्वतःच्या खात्याने शिरून 'सुडो'ने रूटचा अधिकार घेत असाल तर आपल्या स्लाइसलाही. संकटात आपणच आत शिरू शकलो नाही तर बाकी सगळं व्यर्थ.

कोटा कधी लावायचा

वजन आणि कोटा यांतला फरक नीट समजून घ्या. वजन भांडण असेल तेव्हाच लागू होतं. एकाचं वजन १०० आणि दुसऱ्याचं २०, दोघंही भुकेले, तर ३२ पैकी साधारण २६-२७ कोअर पहिल्याला आणि पाचेक दुसऱ्याला. पहिला उठून गेला की २० वजनवाल्याला सगळे ३२ मिळतात. कोट्याचं तसं नाही. 'सीपीयूकोटा=८००%' म्हणजे आठ कोअर; बाकीचे चोवीस रिकामे बसले तरी नववा मिळणार नाही.

शिवाय कोट्याला एक ओबडधोबडपणा आहे. हिशेब १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत होतो. आठ कोअरच्या कोट्यात ३२ थ्रेड पळवले तर खिडकीचा ८०० मिलिसेकंदांचा वाटा पहिल्या २५ मिलिसेकंदांतच संपतो. उरलेले ७५ सगळे थ्रेड गोठलेले. हिशेबाच्या कामाला चालून जातं, पण त्याच यूजरने ज्युपिटर नोटबुक (ब्राउझरमध्ये कोड लिहून चालवायचं पान) उघडलं असेल तर टाइप केलेलं अक्षर अडखळत उमटतं. मी कोटा फक्त पाहुण्यांच्या खात्यांना लावते. कुणाला ठरावीक कोअरांतच ठेवायचं असेल तर 'अलाउडसीपीयूज' बरं. ते सिस्टिमडी २४४ पासून आहे. थ्रेड किती काढायचे हे ठरवताना बऱ्याच लायब्ऱ्या ती मर्यादा बघतात. पायथनचं 'सीपीयू_काउंट' मात्र मशीनचे पूर्ण कोअर मोजून मोकळं होतं, हे मुलांना सांगून ठेवा.

सगळ्यांत स्वस्त उपाय याहून साधा आहे. 'ईटीसी'तल्या 'प्रोफाइल.डी'मध्ये एक फाइल टाका आणि 'ओएमपी_नम_थ्रेड्स' व 'ओपनब्लास_नम_थ्रेड्स' दोन्ही ४ वर ठेवा. ज्याला जास्त हवेत तो आपल्या स्क्रिप्टमध्ये वाढवेल, पण मग ते त्याने जाणूनबुजून केलेलं असेल. त्या शनिवारी ही दोन ओळींची फाइल असती तर १९२ च्या जागी २४ थ्रेड असते आणि मला काही कळलंही नसतं.

आपोआप पायरी उतरवणारी स्क्रिप्ट

आधी माझी चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक स्क्रिप्ट ठेवली होती: तीन तासांपेक्षा जास्त सीपीयू वेळ खाल्लेली प्रोसेस दिसली की मारून टाक. पहिल्याच आठवड्यात तिने डेटाबेस सर्व्हर मारला, कारण महिनाभर चालणाऱ्या सर्व्हरचा वेळ साठत साठत तीन तासांवर जाणारच. तो अपवाद घातला. मग एका सकाळी पीएच.डी. करणारी मुलगी दारात उभी.

"मॅडम, माझं सिम्युलेशन रात्री परत मेलंय. तिसऱ्यांदा."

मी नियम समजावून सांगायला लागले. किल्ल्या द्यायला आलेले वॉचमन काका मध्येच म्हणाले, "मॅडम, रात्री इथं मी आणि तिची प्रोसेस, दोघंच होतो. मला तर तिचा काही त्रास नव्हता."

काकांनी जे सांगितलं तोच आजच्या स्क्रिप्टचा पहिला नियम आहे: दुसरं कुणी ताटकळत नसेल तर हात लावायचा नाही. वजनाची वाटणी नीट बसली की स्क्रिप्टचं काम तसं थोडंच उरतं. पाच संशोधकांची मोठी कामं आणि तीस मुलांची प्रॅक्टिकल एकदम आली, की समान वाट्यात मुलांच्या हाती जेमतेम एकेक कोअर येतो. तेवढ्या वेळेपुरतं मोठ्यांना खालच्या पायरीवर न्यायचं, बस.

सिस्टिमडीच्या टायमरने ती दर मिनिटाला चालवा. दर खेपेला प्रत्येक यूजर स्लाइसमधल्या 'सीपीयू.स्टॅट' फाइलमधला 'यूसेज_यूसेक' हा आकडा वाचायचा आणि मागच्या वेळचा त्यातून वजा करायचा. हा मायक्रोसेकंदांचा हिशेब आहे. ६० सेकंदांत फरक ७२ कोटी आला तर ७२ कोटी भागिले ६ कोटी, म्हणजे तो माणूस सरासरी १२ कोअर वापरतोय. त्याने किती प्रोसेस सोडल्या, त्यांची नावं काय, याच्याशी देणंघेणं नाही. नावावरून पकडायला गेलं की 'पायथन' नावाखाली प्राध्यापकांचं नोटबुक मरतं, आणि हुशार मुलगा आपल्या प्रोग्रामला एडिटरचं नाव देतो.

शेवटच्या १५ मिनिटांची सरासरी आठ कोअरच्या वर असेल, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी स्लाइसमधल्या 'सीपीयू.प्रेशर'चा 'एव्हीजी६०' दहाच्या वर असेल, तरच एक पायरी खाली: १०० वरून ५०, मग २०. इथे 'दुसऱ्या कुणाच्या' हे शब्द महत्त्वाचे. अख्ख्या मशीनचं प्रेशर बघितलंत तर ६४ थ्रेड सोडणारा माणूस स्वतःच स्वतःला ताटकळवत असतो आणि आकडा उगाच चढतो.

वर चढवण्याची अट वेगळी ठेवा: ३० मिनिटं चार कोअरच्या खाली राहिला तर एक पायरी वर. दोन्हीकडे आठच ठेवलंत तर आठच्या आसपास रेंगाळणाऱ्याचं वजन दिवसभर वरखाली होत राहील आणि लॉग वाचता येणार नाही. एखादा २० वर अडकून राहिला आणि बाकीचे घरी गेले, तरी काळजी नको. भांडायला कुणी नसलं की त्याला सगळं मशीन मिळतंच. काका आणि सिम्युलेशन, दोघंच.

वजन बदलायला 'सिस्टिमसीटीएल सेट-प्रॉपर्टी' वापरा आणि 'रनटाइम' हा पर्याय जोडा, म्हणजे मशीन रीबूट झालं की सगळं पुसलं जातं. तोवर मात्र ते टिकतं; लॉगआउट करून परत आलं म्हणून वजन पूर्ववत होत नाही. मोजणीचा आकडा मात्र स्लाइस नव्याने तयार झाली की शून्यापासून सुरू होतो. फरक उणे आला तर ती खेप सोडून द्यायची, हे विसरलात तर लॉगमध्ये उणे कोअर वापरणारे विद्यार्थी दिसतील. मला दिसले होते.

१००० पेक्षा लहान यूजर क्रमांकांना स्क्रिप्टने हात लावू नये. अपवादांची यादी हवीच, पण प्रत्येक नावापुढे तारीख लिहा आणि ती उलटली की अपवाद संपू द्या. नाहीतर 'फक्त या आठवड्यापुरतं हं मॅडम' म्हणणारे तीन वर्षांनीही यादीत सापडतात.

पहिला आठवडा स्क्रिप्टला काही करू देऊ नका. 'काय केलं असतं' एवढंच लॉगमध्ये लिहू द्या. माझे मूळ आकडे चार कोअर आणि पाच मिनिटं असे होते. तो लॉग वाचला तेव्हा कळलं की मोठा प्रोजेक्ट कंपाइल करणारा प्रत्येक जण त्यात सापडला असता.

घरची स्क्रिप्ट लिहायची नसेल तर युटा विद्यापीठात तयार झालेलं 'आर्बिटर' बघा. लॉगिन सर्व्हरसाठीच ते केलंय. सीग्रुपवर चालतं, पायरीपायरीने मर्यादा घालतं आणि मेलही पाठवतं. आमच्या एका मशीनला ते जड वाटलं; पाच-सहा सर्व्हर असतील तर तेच घ्या.

पळवाटा

कंटेनर, म्हणजे डॉकरसारख्या साधनाने प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणं, ही सगळ्यांत मोठी. 'डॉकर रन' म्हटलं की प्रोसेस डॉकरच्या डीमनमार्फत निघते आणि सिस्टिमच्या बाजूला जाते, यूजरच्या स्लाइसमध्ये येत नाही. तुमची सगळी वाटणी तिला लागूच नाही. पॉडमॅन हा डॉकरचा पर्याय रूटशिवाय चालवला तर यूजरच्याच स्लाइसमध्ये राहतो. डॉकर ग्रुपमध्ये असणं म्हणजे जवळजवळ रूट असणंच, तेव्हा ते असंही बंद करा.

क्रॉनचं बघा. डेबियन घराण्यात यूजरच्या क्रॉनटॅबमधलं काम क्रॉनच्याच सर्व्हिसखाली राहतं. त्या सर्व्हिसला सीपीयूवेट २० देऊन मोकळं व्हा. सगळ्यांना नोटबुकं देणारा सामायिक ज्युपिटरहब असेल तर 'सिस्टिमडी-सीजीएलएस'ने झाड उघडून सगळ्यांची नोटबुकं एकाच सर्व्हिसखाली लटकलेली नाहीत ना, हेही तपासा.

निरोप कसा द्यायचा

वजन उतरवलं की त्या माणसाला लगेच कळवा. मी पहिला मजकूर लिहिला होता तो असा: 'सर्व्हर सर्वांचा आहे. विनाकारण लूप फिरवू नयेत.' मुलांनी त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवला, आठवडाभर हसली, आणि लूप फिरतच राहिले. आत्ताचा मेल असा जातो:

'तुमची कामं गेली १५ मिनिटं सरासरी १२ कोअर वापरत आहेत आणि इतर ४ जण ताटकळत आहेत. तुमचं काम बंद केलेलं नाही, फक्त वाटा १०० वरून ५० केला आहे. वापर उतरला की तो आपोआप वाढेल. थ्रेड कमी करायचे असतील तर ओएमपी_नम_थ्रेड्स बघा. काम तातडीचं असेल तर याच मेलला उत्तर द्या.'

काम मेलेलं नाही हे दुसऱ्याच वाक्यात आल्यामुळे घाबरून येणारे फोन थांबले. मेल दिवसातून एकाला एकदाच. पायरी कितीदाही बदलो.

रात्रीची कामं रांगेत

पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म' हा सुपरकंप्युटर आहे, राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मिशनमधून २०१९ मध्ये आलेला. अशा यंत्रांवर लॉगिनचा सर्व्हर वेगळा असतो आणि मोठं काम शेड्युलरच्या रांगेतूनच जातं. तुमच्याकडे दोन-तीन मशीन असतील तर स्लर्म हा रांग लावणारा शेड्युलर बसवून तेच करा. एकच मशीन असेल तर 'अ‍ॅट'बरोबर येणारी 'बॅच' कमांड पुरते: काम देऊन ठेवायचं, लोड उतरला की ते सुटतं.

फक्त तिचा उंबरठा बघा. मूळ आकडा १.५ आहे, आणि ३२ कोअरच्या मशीनवर लोड १.५ च्या खाली जायला दिवाळीची सुट्टी लागते. 'बॅच'ची कामं सोडणाऱ्या 'एटीडी' या डीमनला 'एल' पर्यायाने नवा आकडा देता येतो. अनेक कोअरच्या मशीनवर कोअरच्या संख्येतून एक वजा करून जो आकडा येतो त्याहून तो मोठा ठेवा, असं त्याचं मॅन्युअल सांगतं. मी मात्र मुद्दाम २४ ठेवला आहे, म्हणजे रात्री कुणी असाइनमेंट करत बसलं तर त्याच्यासाठी साधारण आठ कोअर मोकळे राहतात. सर्व्हिस फाइलला 'सिस्टिमसीटीएल एडिट'ने जोड द्या, 'एटीडी' रीस्टार्ट करा, आणि 'स्लीप'चं एखादं खोटं काम बॅचला देऊन ते सुटतं का ते आपणच एकदा बघा.